मुलाचा पहिला चष्मा: योजनेतून, दुकानातून की ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयातून?

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं, कार्डावर ‘दृष्टिदोष’ असा शेरा पडला, आता पुढे कुठे? खानदेशात धडगावपासून रावेरपर्यंत वाटा साधारण तीनच. सरकारी योजनेतून ग्रामीण रुग्णालयात मिळणारा फुकट चष्मा, बाजारपेठेतलं चष्म्याचं दुकान, किंवा शहरातलं ट्रस्टचं नेत्र रुग्णालय.

दुकान आधी बाजूला काढतो. तिथली ‘फ्री कॉम्प्युटर तपासणी’ मोठ्यांना चालून जाते. मूल मात्र यंत्रात बघताना डोळा ताणतं. मग प्लसचा नंबर झाकला जातो, नाहीतर मायनस जास्तीचा निघतो. असा चष्मा लावला की डोकं दुखतं, तो दप्तरात जातो आणि घरातले ‘काय व्हस त्याले’ म्हणत विषय संपवतात. औषध टाकून डोळा सैल केल्याशिवाय काढलेला पहिला नंबर मी तरी धरत नाही. चष्मा बनवून घ्यायला दुकान चांगलं, नंबर काढायला नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत. योजना म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, तो 2013 पासून चालू आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. आईबापांना पत्ताही नसलेलं मूल हेच पथक हुडकून काढतं, ते काम कोणतंही खासगी रुग्णालय करणार नाही. पैसेही लागत नाहीत. अडतं ते हेलपाट्यांपाशी.

एक फेरी दाखवायला. त्या दिवशी नेत्र चिकित्सा अधिकारी शिबिरात असले तर ती वाया. लहान मुलाला बहुधा डोळा सैल करणारं ॲट्रोपिनचं मलम देतात, ते तीन दिवस घरी डोळ्यात घालायचं आणि मग नंबरासाठी दुसरी फेरी. चष्मे एकगठ्ठा बनून येतात, म्हणून न्यायला तिसरी. प्रत्येक फेरीला एका माणसाचा रोज बुडतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणी हलतही नाही. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात. चष्मा येतो तेव्हा घराला कुलूप.

ट्रस्टच्या रुग्णालयात, सकाळी लवकर पोचलात तर, हे सगळं बहुतेक वेळा एका दिवसात उरकतं. आधी औषधाशिवाय नजर बघतात. मग सायक्लोपेंटोलेटचे, म्हणजे डोळा सैल करणारे थेंब थोड्या थोड्या वेळानं टाकतात, साधारण पाऊण तास बसवतात आणि डोळ्यात उजेड टाकून बघायच्या रेटिनोस्कोपनं नंबर काढतात. केसपेपरचे आणि फ्रेमचे पैसे पडतात, पण दोन बुडालेल्या रोजांपुढे ते मला तरी जड वाटत नाहीत. रेशनकार्ड सोबत ठेवा आणि सवलत तोंडानं विचारा, न विचारता ती क्वचितच मिळते. निघण्याआधी फोन करून मुलांचे डोळे कोणत्या वारी बघतात आणि चष्मा त्याच दिवशी मिळतो का, हे विचारून घ्या. फार लहान मुलाला तिथेही ॲट्रोपिनच लागू शकतं, तेव्हा एका दिवसाचा हिशोब कोलमडतो.

आईनं नेलेलं परवडतं. एसटीत 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि बारा वर्षांखालच्या मुलालाही अर्धंच.

थेंबांनंतर दिवसभर जवळचं अंधुक दिसतं, ॲट्रोपिननं आठ-दहा दिवस किंवा जास्तही. म्हणून परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तर बाहुली मोठी झालेलं मूल डोळा उघडत नाही, टोपी लागतेच. मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरे, मग हात धुवा आणि ट्यूब धाकट्यांच्या हाती लागू देऊ नका. तोंड लाल होऊन ताप चढला तर मलम थांबवून डॉक्टरांना विचारा.

चष्मा कुठलाही घ्या, ताब्यात घेताना फ्रेम बघा. बाहुली काचेच्या साधारण मध्यावर यायला हवी. मोठी फ्रेम नाकावरून घसरते आणि मूल वरून बघतं, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखा. मागून इलास्टिकची दोरी लावा. भिंग प्लास्टिकचंच हवं.

तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरी चमक दिसली तर यातलं काही न बघता थेट जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या.

पहिला नंबर ट्रस्टकडे काढला तरी ग्रामीण रुग्णालय सोडू नका, पुढची नजर-तपासणी जवळच बरी. एक डोळा आळशी, म्हणजे चष्मा लावूनही कमी बघणारा निघाला तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात, बरेचदा रोज दोन तास. सात-आठ वर्षांच्या आत तिचा गुण जास्त येतो. पट्टी कातडीवर चिकटवायची. चष्म्याच्या काचेवर लावली की पोरगं कडेनं बघतं.