फायटर माशासाठी लहान टाकी: बाउल, तयार संच आणि काचवाल्याकडून करवून घेतलेली पेटी

साकोली तालुक्यातील आमच्या गावात शोभेचे मासे विकणारे दुकान नाही. मासे पाहायचे तर भंडारा किंवा थेट नागपूर गाठावे लागते, आणि तिथे बेट्टा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘फायटर’ म्हणतात तो मासा, दिसतो तो उसाच्या रसाच्या ग्लासाएवढ्या प्लास्टिकच्या डब्यांत, आणि हे डबे एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्यामुळे या माशाला एवढेच पाणी पुरते, असा घेणाऱ्याचा समज होणे स्वाभाविक आहे. माझाही तसाच झाला होता. गेल्या अडीच वर्षांत मी या एका माशाच्या जातीसाठी तीन टाक्या वापरल्या: २५० रुपयांचा गोल काचेचा बाउल, ऑनलाइन मागवलेला १,४५० रुपयांचा तयार संच, आणि शेवटी तालुक्याच्या गावी फोटोच्या चौकटी व आरसे करणाऱ्या काचवाल्याकडून ७०० रुपयांत करवून घेतलेली पेटी. या तिन्हींचा अनुभव इथे नोंदवीत आहे.

बाउल घेताना दुकानदाराने मला सांगितले होते की हा धानाच्या बांधीतला मासा आहे आणि वाटीभर पाण्यातही जगतो. यातला पहिला भाग खरा आहे. बेट्टा स्प्लेंडेन्स हा मूळचा थायलंडचा, तिथल्या धानाच्या शेतांत, दलदलीत आणि संथ, उथळ पाण्यात राहणारा मासा आहे, आणि २०१९ मध्ये त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. परंतु ज्याने रोवणीच्या दिवसांत बांधी पाहिली आहे त्याला हे सांगावे लागत नाही की बांधीतले पाणी उथळ असते, थोडे नसते. घोट्याएवढ्या पाण्याचा पसारा एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत असतो. या माशाला डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखा एक अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. आपली मरळ बाजारात पाण्याबाहेर किती वेळ तग धरते हे आपण पाहतोच. तिचा अवयव वेगळ्या घडणीचा असला तरी सोय तीच आहे. मात्र ही सोय प्राणवायूच्या कमतरतेपासून वाचवते, घाण पाण्यापासून नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो, आणि तीन लिटर पाण्यात तो साचायला फार दिवस लागत नाहीत.

त्या बाउलची क्षमता तेवढीच, म्हणजे जेमतेम तीन लिटर होती. तळाशी रंगीत खडे टाकल्यावर अडीच लिटर उरले. दर रविवारी मी सगळे पाणी ओतून, खडे खळाखळा धुऊन, नळाचे नवे पाणी भरत असे आणि आपण फार स्वच्छता राखतो असे समजत असे. प्रत्यक्षात अमोनिया पचवणारे जे जिवाणू खड्यांवर वाढू पाहत होते ते मीच दर आठवड्याला धुऊन टाकत होतो. चौथ्या महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडाशी, गावाच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकलेल्या दिवसाचेच पाणी मी बाउलमध्ये भरले. नळाखाली हात धरला तरी वास येत होता, पण मी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी आडवा होता. चूक सर्वस्वी माझी होती, परंतु बाउलच्या बाबतीत एवढे नक्की म्हणता येईल की त्यात चुकीला जागाच नसते. गोल काचेत फिल्टर नीट बसत नाही, हीटर बसत नाही, वर झाकण राहत नाही आणि बाहेरून पाहताना मासा कधी दुप्पट तर कधी वाकडा दिसतो. माझ्या मते तो या कामासाठी घेऊच नये.

दुसरा मासा आणण्यापूर्वी मी तयार संच मागवला. आठ इंच लांब, आठ इंच रुंद, दहा इंच उंच अशी चौकोनी प्लास्टिकची टाकी, सोबत एलईडी दिवा, झाकण आणि मागच्या बाजूला लपवलेला छोटा पंप. दिसायला देखणी, टेबलावर शोभणारी, आणि खोक्यावर रंगीत फायटरचे चित्रही होते. या संचाचा पहिला दोष त्याच्या मापात आहे. आठ गुणिले आठ गुणिले दहा म्हणजे ६४० घन इंच, म्हणजे साधारण साडेदहा लिटर; परंतु मागचा कप्पा फिल्टरने खाल्लेला, वर दीड इंच रिकामे ठेवायचे, तेव्हा माशाच्या वाट्याला सात लिटर येतात. शिवाय ही जागा उंचीत आहे. फायटर हा वरच्या थरात, आडवा फिरणारा मासा आहे, आणि हाफमून जातीच्या नराची शेपटी अर्धवर्तुळाएवढी पसरते. असा जड पिसारा घेऊन त्याला दर थोड्या वेळाने श्वासासाठी वर यावे लागते. उंच टाकीत ही त्याची रोजची चढण होते.

दुसरा दोष पंपाचा. त्याचा झोत एवढा होता की मासा कोपऱ्यात पानाआड दबकून बसू लागला, आणि आठ दिवसांत त्याच्या शेपटीची टोके फाटलेली दिसली. पंपाचे पाणी ओढून घेणारे तोंड जुन्या स्पंजाच्या तुकड्याने झाकल्यावर झोत मंदावला, पण मग पंप गुरगुरू लागला. तिसरा दोष मला एका सकाळी पायाशी सापडला. झाकणाला खाद्य टाकण्यासाठी अडीच इंचाची खाच होती, आणि मासा तिच्यातून उडी मारून टेबलाखाली, फरशीवर, धुळीने माखून पडला होता. हवेत श्वास घेता येत असल्यामुळे वाचला. फायटर उडी मारतो हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. विशेषतः आखूड परांचे, प्लाकट म्हणून विकले जाणारे नर यात पटाईत असतात. दिवा मात्र चांगला निघाला, तो मी आजही वापरतो.

आता तिसरी पेटी. घरी आणली तेव्हा वडिलांनी चष्मा वर करून विचारले, “एवढ्याशा मासोळीले एवढी मोठी पेटी कायले पायजे?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मला पुढच्या उन्हाळ्यात आकड्यांत देता आले, ते पुढे सांगतो.

काचवाल्याला मी माप दिले ते १८ इंच लांब, १० इंच रुंद, १० इंच उंच. याचे १,८०० घन इंच, म्हणजे काठोकाठ साडेएकोणतीस लिटर होतात. दीड इंच मोकळे ठेवून सुमारे २५ लिटर पाणी राहते. अनुभवी पाळणारे एका फायटरसाठी वीस लिटरच्या आसपास टाकी सुचवतात आणि दहा लिटरच्या खाली जाऊ नये म्हणतात, त्यामुळे हे माप मला योग्य वाटले. वरची मोकळी जागाही वाया जात नाही, कारण माशाला श्वासासाठी पाण्यावर हवेचा थर लागतो. एवढ्या उंचीला ५ मिलिमीटरची काच भरपूर झाली. तो मला कपाटाची उरलेली ३ मिलिमीटरची काच स्वस्तात लावून देत होता. तिला मी नकार दिला.

काचेपेक्षा सिलिकॉनकडे अधिक लक्ष द्यावे लागते. न्हाणीघरात, बेसिनभोवती लावायच्या सिलिकॉनमध्ये बुरशी येऊ नये म्हणून औषध मिसळलेले असते आणि ते माशांना विषारी ठरू शकते. नळीवर टाकीसाठी चालते असे स्पष्ट लिहिलेले असेल तेच वापरावे, असा मी आग्रह धरला. काचवाल्याने आधी आतल्या कडा कापडाने पुसल्या, कागदी चिकटपट्टी लावली, एका दमात सिलिकॉनची धार ओढली, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून ती धार दाबली आणि चिकटपट्टी लगेच काढली. हे काम पाहत राहावे असे होते. सिलिकॉन सुकेपर्यंत त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. वास पूर्ण जाईपर्यंत, आमच्याकडे तीन दिवस, पेटी हलवली नाही. नंतर ओसरीत वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरली आणि दोन दिवस तशीच राहू दिली. कागद कोरडा राहिला तेव्हाच आत नेली. काचेच्या वरच्या कडा त्याने घासून दिल्या नव्हत्या, त्यावर माझे बोट कापले, ही त्याच्या कामातली एकमेव तक्रार.

भरलेली पेटी काच, वाळू आणि पाणी धरून ३५ किलोच्या आसपास जाते, म्हणून डुगडुगणारे टेबल चालत नाही, आणि पेटीखाली थर्माकोलचा पत्रा घालावा, म्हणजे फळीचा उंचवटा काचेला टोचत नाही. झाकण म्हणून मी डासांची जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवली. खर्च जवळपास शून्य, हवा खेळती राहते, मासा बाहेर पडत नाही आणि पाल आत पडत नाही.

फिल्टरसाठी स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप, दोन्ही मिळून साडेचारशे रुपयांत आले. बुडबुडे मंद असतात, झोत नसतो आणि स्पंजावर जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे तुलनेने सौम्य नायट्रेट करतात. ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर खाद्य कमी आणि पाणी बदलणे जास्त ठेवावे. स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने हवेच्या नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे भाग आहे, नाहीतर पंप बंद पडताच पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. तो वीस-पंचवीस रुपयांना मिळतो आणि तयार संचात तो नसतो.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे. मे महिन्यात मी रिकामा पडलेला बाउल पाणी भरून पेटीशेजारी ठेवला आणि मुलीला दोन्हींत थर्मामीटर बुडवून सकाळ-दुपार नोंद करायला सांगितले. एका दिवशी सकाळी बाउलमध्ये साडेअठ्ठावीस आणि दुपारी तीनला ३५ अंश होते. पेटीत सकाळी २९ आणि दुपारी साडेएकतीस. म्हणजे बाउलमधल्या माशाला आठ-नऊ तासांत साडेसहा अंशांचा फरक सोसावा लागला असता, पेटीतल्याला अडीच. या माशाला २४ ते २८ अंश मानवतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेवढे राखणे कठीण आहे, पण पाणी जास्त असले की ते सावकाश तापते आणि सावकाश निवते. जाळीवर तिरका टेबल फॅन लावला तर आमच्या कोरड्या हवेत पाणी आणखी दोन अंशांनी उतरते, अगदी कूलरच्या न्यायाने. फक्त उडालेले पाणी रोज भरून काढावे लागते. डिसेंबरात उलट अडचण येते. पहाटे बाउल १६ अंशांवर आणि पेटी १९ वर होती, तेव्हा ५० वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर घ्यावा लागला. पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा, कारण उघडा पडलेला तापता हीटर तडकतो.

आठवड्याला पाच-सहा लिटर, म्हणजे अर्ध्या बादलीहून थोडे कमी, पाणी बदलतो. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत अंगणात ठेवतो, म्हणजे ब्लीचिंगचा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीनरोधक द्रावण घालतो. बोअरचे जड पाणी फायटर बऱ्यापैकी सोसतो, ते रोज वेगवेगळे असू नये एवढेच.

आत सजावटीची प्लास्टिकची झाडे घालू नयेत, त्यांच्या टोकांनी माशाचे पर फाटतात. मी गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातून हायड्रिला आणली आणि गोगलगायी व चतुराच्या अळ्या निघून जाव्यात म्हणून ती आठ दिवस वेगळ्या बादलीत ठेवली. बांधीतून किंवा फवारणी झालेल्या पाटातून मात्र आणू नये. आमच्या शाळेच्या आवारातल्या देशी बदामाचे गळलेले तांबूस पान धुऊन टाकले की पाण्याला फिक्या चहाचा रंग येतो आणि मासा त्या पानावर पृष्ठभागाजवळ टेकून विसावतो. हीच पाने ऑनलाइन पाकिटात भरून विकली जातात, हे पाहून मला हसू आले. पेटीच्या मागील व दोन्ही बाजूंना काळा चार्टपेपर लावला आहे, कारण काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले की नर कल्ले फुलवून दिवसभर भांडत राहतो.

सोबतीला दुसरा नर नको, मोठ्या शेपटीचे गप्पीही नकोत. आणि पुढे कंटाळा आला तरी मासा तलावात सोडू नये.

तयार संचाची टाकी आता पेटी साफ करताना माशाला तासभर ठेवण्यासाठी उपयोगी पडते, त्यापलीकडे तिची किंमत वसूल झाली असे मला वाटत नाही. काचवाल्याकडे मागच्या महिन्यात शाळेतल्या एका सहकाऱ्यासाठी अशीच पेटी सांगायला गेलो, तेव्हा त्याने माप विचारलेच नाही. दुकानाच्या दाराआड, देवांच्या तसबिरींच्या मापांखाली, त्याने खडूने लिहून ठेवले होते: फायटर, १८-१०-१०, पाच मिमी, कडा घासून.