जुना थिओडोलाइट घेताय? आधी व्हर्नियर बघा

मोजणीची जुनी उपकरणं जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा अस्सल थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, म्हणून मला जे ऑनलाइन विकलं गेलं, ते हल्लीच ओतलेलं पितळी शोपीस निघालं. विक्रेत्याचं बोलणं मोठं गोड. आजोबा सर्व्हेअर होते, पेटी माळ्यावर सापडली, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा पूर्ण रक्कम आधी पाठवा. सोबत शिक्का मारलेलं प्रमाणपत्र. ते दिलं कुणी, हे मात्र त्यावर कुठेच नाही. अंशांच्या पट्टीचा जवळून फोटो मागितला, तर म्हणे कॅमेरा बिघडलाय.

कॅमेरा बिघडण्याचं कारण पेटी उघडल्यावर कळलं. थिओडोलाइटचा जीव त्या पट्टीत असतो. पुष्कळ जुन्या यंत्रांत आडव्या वर्तुळावर प्रत्येक अंशाचे दोन भाग असतात, म्हणजे एक घर 30 मिनिटांचं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). शेजारच्या व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापासाठीच्या छोट्या जोडपट्टीवर, 30 घरं असतात, पण ती मुख्य पट्टीच्या 29 घरांच्या जागेत बसवलेली. म्हणून व्हर्नियरचं घर बरोबर एका मिनिटाने लहान. दुर्बीण कुठेही रोखा, सहसा व्हर्नियरची एकच रेघ मुख्य पट्टीच्या रेघेला नेमकी जुळते. ती कितवी हे मोजलं की वरची मिनिटं मिळाली. माझ्याकडच्या यंत्रात भिंग लावून पाहिलं, तर दोन्हीकडची घरं सारख्याच मापाची! जुळल्या तर सगळ्या रेघा एकदम जुळतात, नाहीतर एकही नाही. अशा यंत्राने मिनिटांपर्यंत कोन मोजणं केवळ अशक्य.

रेघाही सांगून जातात. 1770च्या दशकात इंग्लंडमधल्या जेसी रॅम्सडेन या उपकरणं बनवणाऱ्या कारागिराने वर्तुळाचे भाग पाडणारं यंत्र बनवलं. पुढच्या काळातल्या चांगल्या उपकरणांत, बऱ्याचदा चांदीच्या पट्टीवर, यंत्राने कापलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसतात. माझ्याकडच्या रेघा जाड, कडांना पसरलेल्या, आम्लाने खाल्ल्यासारख्या. अक्षात जरा फरक राहिला तर तो सरासरीने निघून जावा म्हणून समोरासमोर, 180 अंशांवर, दोन व्हर्नियर देतात. इथे दुसऱ्या खिडकीत नुसती नक्षी. दुर्बिणीत फुलीच्या तारांचाही पत्ता नाही. त्या जागी पूर्वी कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणत. तोच नसेल तर नेम धरायचा कशावर?

पितळेवरचा जुनेपणाचा काळपटपणा ॲसिटोनच्या बोळ्याने निघून आला. आणि कळस म्हणजे पट्टीवर 1885 कोरलेलं, तर तळाशी फुलीच्या खाचेचे स्क्रू, जे बाजारात आले 1930च्या दशकात.

तक्रार केल्यावर सूर बदलला. 'जाहिरातीत अँटिक स्टाइल लिहिलं होतं,' असं उत्तर आलं. जाहिरात तोवर काढून टाकलेली आणि माझ्याकडे तिचा स्क्रीनशॉट नाही. त्यामुळे पैसे अडकले ते अडकलेच. घेण्याआधी जाहिरात जपून ठेवा आणि दोन वेगवेगळ्या कोनांवर रोखलेल्या व्हर्नियरचे भिंगातून काढलेले फोटो मागा. यंत्रावरचा अनुक्रमांकही शोधून बघा. माझ्या 'एकमेव' यंत्राचाच क्रमांक, त्याच वळणाच्या आकड्यांत, आणखी दोन जाहिरातींत सापडला. त्यातल्या एकीत आजोबा सर्व्हेअर नव्हते, रेल्वेत इंजिनिअर होते.