बेअरिंग न बदलताच घेतलेले बेअरिंगचे पैसे

गेल्या श्रावणात एका सोमवारी सकाळी आमचं वॉशिंग मशीन वाजायला लागलं. फ्रंट लोड, सात किलोचं, सहा वर्षं वापरलेलं. कपडे धुताना ड्रमच्या दर फेऱ्याला एकदा खर्र-टक, खर्र-टक. सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "अगं, आत काहीतरी अडकलंय बघ." त्यांनी कानाने ओळखलं होतं ते शंभर टक्के बरोबर निघालं, पण ते कळायला आम्हाला पाच आठवडे आणि ७,७९९ रुपये लागले.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो, वर्षातले कित्येक महिने टँकरच्या क्षारयुक्त पाण्यावर काढतो. गीझर, नळ, सगळ्यावर पांढरा थर. मशीनचंही आतून काहीतरी झिजलं असणार असं मी धरूनच चालले. मोबाइलवर कंपनीचं नाव आणि पुढे 'सर्व्हिस सेंटर पुणे' असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर फिरवला. कंपनीचं चिन्ह होतं, भरपूर तारे होते. मशीनच्या मागे कंपनीचा खरा टोल फ्री नंबर छापलेलं स्टिकर सहा वर्षं चिकटलेलं होतं, ते बघायचं मला सुचलं नाही.

फोनवरच्या बाई अतिशय नम्र. "कंपनीतूनच बोलतेय मॅडम." मी तक्रार क्रमांक मागितला तर म्हणाल्या, टेक्निशियन आला की मिळेल. खऱ्या कंपनीत तक्रार नोंदवली की मोबाइलवर नंबराचा मेसेज येतो, हे फ्रिजच्या वेळी मी स्वतः अनुभवलेलं होतं. तरी मी तिथे थांबले नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दुपारी दोन मुलं आली. टी-शर्टवर कंपनीचं नाव, गळ्यात ओळखपत्र. व्हिजिट चार्ज ३९९ आधीच घेतला. आवाज कधी येतो, धुताना की पाणी सोडताना की स्पिनला, यातलं एकही विचारलं नाही. मशीन चालू करून ऐकलंही नाही. एकाने दार उघडलं, ड्रमची वरची कड आतून धरली आणि जोरात वर-खाली हिसडली. सगळा ड्रम डुगडुगला. "बघा मॅडम, किती प्ले आहे. बेअरिंग पूर्ण संपलंय. स्पिन लावलात तर शाफ्ट तुटून ड्रम दार फोडून बाहेर येईल. घरात आजी आहेत, लहान मुलगी आहे. चालवू नका."

या एका हिसड्यावर आमचे पैसे गेले, म्हणून तो नीट सांगते. फ्रंट लोड मशीनमध्ये कपड्यांचा स्टीलचा ड्रम एका प्लास्टिकच्या टबात फिरतो. ड्रमचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यात फिरतो ते बेअरिंग. तो अख्खा टब वर स्प्रिंगांना टांगलेला, खाली शॉक अॅब्सॉर्बरवर टेकलेला असतो. तो हलण्यासाठीच तसा बसवलेला असतो. कोणत्याही धडधाकट मशीनचा ड्रम धरून हिसडला तर तो डुगडुगणारच. नंतर मी शेजारच्या वहिनींच्या आठ महिन्यांच्या मशीनवर हेच करून पाहिलं. ते आमच्याइतकंच हललं. बेअरिंग गेलंय का हे बघायचं तर नजर ड्रमची कड आणि दाराजवळचं रबर यांच्यामधल्या फटीवर ठेवायची. ड्रमबरोबर टबही येत असेल तर ते स्प्रिंगांचं हलणं. टब जागेवर राहून ड्रम एकटाच वर-खाली होत असेल, हाताला टक् असं लागत असेल, तर बेअरिंगची शंका खरी. त्या मुलाला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. माहीत होतं म्हणूनच तो ड्रम असा धरून दाखवत होता.

सासूबाई घाबरल्या. मुलगी मशीनपाशीच खेळते, त्यामुळे मीही घाबरले. त्याने ८,२०० सांगितले, मग "आजींकडे बघून" ७,४०० केले. मशीन वर्कशॉपला न्यावं लागेल, ४,००० आगाऊ. ह्यांना ऑफिसात फोन केला तर हे म्हणाले, कंपनीचीच माणसं आहेत ना, मग दे. मी क्यूआर कोड स्कॅन केला. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं नाव होतं. मी विचारलं. "आमच्या सुपरवायझरचं खातं आहे, मॅडम." या उत्तरावर मी बटण दाबलं.

दोन दिवसांनी मशीन परत आलं. आवाज बंद! सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक गंजून लाल झालेलं बेअरिंग. "हे तुमचं जुनं." उरलेले ३,४०० दिले. बिल मिळालं, त्यावर ९० दिवसांची वॉरंटी आणि शिक्का. आम्ही समाधानाने त्यांना चहा दिला.

बाविसाव्या दिवशी खर्र-टक परत आलं. तोच आवाज, तीच लय. त्याच नंबरवर फोन केला. पहिल्या दिवशी "उद्या येतो", दुसऱ्या दिवशी "तुमची तक्रार सिस्टिममध्ये दिसत नाही", तिसऱ्या दिवसापासून फोन लागेना. ह्यांच्या मोबाइलवरून लागला आणि मी बोलायला लागल्याबरोबर कट झाला.

सोसायटीतल्या एका ताईंनी धायरीच्या गल्लीत छोटं दुकान असलेल्या एका वयस्कर मेकॅनिक काकांचा नंबर दिला. काकांनी यायच्या आधी फोनवरच विचारलं, "ताई, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येईल का?" ह्यांनी पहिल्याच दिवशी तो मोबाइलवर घेऊन ठेवला होता. त्या पहिल्या मुलांनी मागितला असता तर त्यांनाही मिळाला असता. काकांनी तो ऐकला आणि प्रश्न सुरू केले. धुताना येतो ना? स्पिनचा वेग चढतो तसा आवाज चढत जातो का? प्लग काढून, रिकामा ड्रम हाताने हळूहळू फिरवा, आत्ता फोनवर असतानाच. काय वाटतं?

मी फिरवला. ड्रम गुळगुळीत फिरत होता, फक्त एका ठिकाणी काहीतरी घासून सुटत होतं.

"मग बेअरिंग नाही ताई. बेअरिंग गेलं की स्पिनला विमान उडाल्यासारखा घरघराट होतो, वेगाबरोबर वाढत जातो. आणि हाताने फिरवलं तर सगळ्या फेऱ्यात वाळू भरडल्यासारखं लागतं. तुमचं फेऱ्यात एकदाच वाजतंय. काहीतरी अडकलंय."

सासूबाईंचंच वाक्य.

संध्याकाळी काका आले. काम करता करता ते बोलत होते आणि मी ते वहीत लिहून घेतलं, कारण हे आधी माहीत असतं तर कुणी मला घाबरवू शकलं नसतं. पाणी बाहेर सोडतानाच गुरगुर किंवा कटकट होत असेल तर तो पंप. खाली कोपऱ्यातलं झाकण उघडून फिल्टर बघायचा, नाणं, बटण, पिन काहीही निघतं. मात्र आधी प्लग काढायचा, खाली परात धरायची आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम झालेला असेल तर पाणी निवू द्यायचं. स्पिनला धपधप आपटत असेल किंवा मशीन जागा सोडून चालत असेल तर आधी चारही पाय जमिनीला टेकलेत का ते बघायचं, एखादी जाड चादर एकटीच टाकली होती का ते आठवायचं. शॉक अॅब्सॉर्बरचा नंबर त्यानंतर. नवं मशीन पहिल्याच धुण्याला थयथयाट करत असेल तर वाहतुकीत टब हलू नये म्हणून मागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहिलेले असतात. घर बदलताना मशीन नेणाऱ्यांनी हे बोल्ट सांभाळून ठेवावेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग त्यांनी मागचं पॅनल काढलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"इथे बघा. पट्ट्याच्या मोठ्या चाकाचा हा बोल्ट. त्यावर कारखान्यात लावलेलं निळं रसायन जसंच्या तसं आहे, पाना लागल्याची खूण नाही. हा बोल्ट सोडवल्याशिवाय बेअरिंगपर्यंत हात पोहोचत नाही." मग त्यांनी टबाच्या कडेवरून बोट फिरवलं. "आणि हा टब. काही मशीनचे टब स्क्रूने जोडलेले असतात, ते उघडतात. तुमचा कारखान्यातच वितळवून जोडलाय. बेअरिंग बदलायचं तर हा सांधा कापावा लागतो, नाहीतर अख्खा टब नवा घ्यावा लागतो. दिसतोय कुठे कापलेला?"

सांधा अखंड होता. सहा वर्षांची धूळ त्यावर तशीच बसलेली होती. शाफ्टखाली गंजाचा ओघळही नव्हता. सील जाऊन बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की तांबूस ओघळ खाली येतो म्हणे. मी पिशवीतलं ते गंजलेलं बेअरिंग आणून दाखवलं. काकांनी हातात घेऊन परत दिलं. "हे कुठल्या तरी दुसऱ्या मशीनचं आहे. असलं एक पिशवीत ठेवून घरोघर दाखवतात."

मला तिथेच रडू आलं. पैशांपेक्षा, त्यांना चहा दिल्याचं जास्त लागलं.

काकांनी हीटर काढला आणि त्या भोकातून लांब पक्कड घालून एक अर्धगोल तार बाहेर ओढली. ब्रामधली. ड्रमच्या छोट्या भोकातून ती टोकाने खाली उतरते आणि ड्रम व टब यांच्यामध्ये घासत राहते. मधले तीन आठवडे आवाज का गेला होता? मशीन आडवंतिडवं करून नेलं-आणलं तेव्हा तार सरकून तळाशी बसली असणार, असं काका म्हणाले. पाऊण तासाचं काम, ६०० रुपये. "असले कपडे जाळीच्या पिशवीत घालून टाकत जा," एवढं सांगून ते गेले.

नंतर आम्ही धावाधाव केली. स्टिकरवरच्या खऱ्या नंबरवर फोन केला. आमच्या नावावर त्या तारखेची तक्रारच नव्हती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलले, १९३० वर ऑनलाइन फसवणुकीची नोंद केली. तिथल्या माणसाने तारीख विचारली आणि क्षणभर थांबला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर समोरच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही पाच आठवड्यांनी कळवत होतो. पैसे अजून परत आलेले नाहीत.

ग्राहक आयोगात जायचंही ठरवलं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारांना जिल्हा आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही, त्यामुळे खर्चाची अडचण नव्हती. पण नोटीस पाठवायची कुणाला? बिलावरच्या पत्त्यावर हे स्वतः जाऊन आले, तिथे झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराकडे आमच्यासारखे आधीही लोक येऊन गेलेत. मग आम्ही बिल नीट वाचलं, जे त्या दिवशी दारातच वाचायला हवं होतं. मशीनचा सीरियल नंबर नाही. कोणता भाग बदलला त्याचा पार्ट नंबर नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. सरकारी जीएसटी संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. आमच्या बिलावरचा क्रमांक १४ अक्षरांचा होता.

गेल्या महिन्यात चिंचवडच्या माझ्या नणंदेचं मशीन बिघडलं. वेगळ्या कंपनीचं, टॉप लोड. तिला मी सगळं सांगितलेलं असल्यामुळे तिने आधी स्टिकर शोधलं. पण खात्री करायला आम्ही दोघींनी मोबाइलवर त्या कंपनीच्या नावापुढे 'सर्व्हिस सेंटर' टाकून पाहिलं. सगळ्यात वर आलेल्या नंबरवर स्पीकर चालू करून फोन लावला. कंपनीचं नाव वेगळं, नंबर वेगळा, पण आवाज त्याच नम्र बाईंचा. नणंद इतकंच म्हणाली, "मशीन वाजतंय." कुठे, कधी, कसं, काही विचारलं नाही.

"बेअरिंग गेलं असेल मॅडम. दुपारी मुलं पाठवते. पत्ता सांगा."