उथळ हायड्रेट की खोल वाळूतलं?

प्रोजेक्टला कुठलं मिथेन हायड्रेट (म्हणजे मिथेन गॅस अडकलेला बर्फासारखा पदार्थ) घेऊ विचारलंस ना, उथळ की खोल, तर जपानचंच बघ, तिकडे दोन्ही आहेत. जपान समुद्राच्या किनाऱ्यावरच्या जोएत्सूजवळ उथळवालं, समुद्रतळाच्या चिखलातच बर्फासारखे पांढरे गोळे सापडतात, कोअर (तळातून काढलेला नळीसारखा नमुना) वर आणला की तडतडत वितळतात, मिथेन उडून जातो आणि उरतं नुसतं पाणी. पॅसिफिकच्या बाजूच्या नानकाई दरीतलं मात्र खोल, समुद्रतळाखाली साधारण 300 मीटर, वाळूच्या कणांमधे.

काढायला खोलवालं बरं, दाब कमी केला की गॅस सुटतो, नानकाईत 2013 मधल्या टेस्टला 6 दिवसांत सुमारे 1,20,000 घनमीटर निघाला पण मग विहिरीत वाळू शिरली आणि टेस्ट थांबवावी लागली. उथळला वरून धरून ठेवणारा जाड थरच नाही, त्यामुळे ही युक्ती तिथे नीट चालत नाही, गोळे खोदायचेच म्हटलं तर तिथल्या खेकड्यांचं काय, मला खरंच काळजी वाटते.

सॅम्पलिंग, गळती, इकॉलॉजी आवडत असेल तर उथळ घे, रिझर्व्हॉयर मॉडेलिंग (थरातून गॅस कसा वाहील याचं गणित) करायचंय तर नानकाई.