विरारचा फ्लॅट की जळगावचं रो-हाऊस?

मुलगा-सून मुंबईत नोकरीला, आईवडील जळगावात आणि घर एकच घेता येईल एवढी ऐपत. आमच्या नात्यागोत्यात सध्या घरोघरी हाच विषय आहे. जळगावात पिंप्राळा, निमखेडीकडे रो-हाऊसच्या रांगा उठताहेत, तर विरार पश्चिमेला बोळींजच्या बाजूला टॉवर. भाच्यासाठी मी दोन्हीकडे फिरलो, म्हणून लिहितो.

विरारमध्ये कागद आधी बघा, सॅम्पल फ्लॅट नंतर. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवरच्या 41 अनधिकृत इमारती 2025च्या सुरुवातीपर्यंत कोर्टाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची एक अनधिकृत इमारत कोसळून 17 माणसं गेली. त्या घरांत राहणाऱ्यांनीही जन्माची कमाईच ओतली होती, हे आठवलं की जीव तुटतो. म्हणून महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर स्वतः संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. मागितली तर उठून या. तयार घर असेल तर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हातात घेऊनच बोला.

जळगावातली फसगत वेगळी, ती जमिनीत असते. जमीन बिगरशेती (एन.ए.) असल्याचा कागद, मंजूर लेआउट आणि सातबारा तिन्ही जुळले पाहिजेत. शिवाय आपली काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर दोन-चार वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा पडतात. बांधकाम चालू असतानाच जाऊन खड्डा बघा. विरारला तेच काम खारी हवा करते. ग्रिल गंजतं, स्लॅबमधली सळई फुगून प्लास्टर सुटतं.

एक फरक फारसा कुणी सांगत नाही. बांधकाम चालू असलेल्या, 45 लाखांपर्यंतच्या घराला एक टक्का जीएसटी लागतो, एरवी पाच. पण ही सवलत मुंबई महानगर क्षेत्रात, म्हणजे विरारलाही, 60 चौरस मीटर कार्पेटपर्यंतच (भिंतींच्या आतली वापराची जागा) आहे, जळगावात 90पर्यंत. म्हणजे जळगावात आईवडिलांची खोली धरूनही सवलतीत बसता येतं.

पाणी दोन्हीकडे विचारा. जळगावला वाघूर धरण असलं तरी नळ रोज येत नाही, टाकी मोठी लागते. बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं विकली गेली नाहीत, त्यामागे पाण्याची अडचण हे मोठं कारण होतं. आता सूर्या धरणाचं पाणी आलंय. तरी सोसायटीत टँकरवर महिन्याला किती जातात ते वॉचमनला विचारा, तो खरं सांगतो.

माझं मत स्पष्ट आहे. मुलं पुढची दहा वर्षं मुंबईत राहणार असतील तर विरार घ्या. चर्चगेट तिथून 60 किलोमीटर आहे, पण लोकल तिथूनच सुटते. नुसती गुंतवणूक म्हणून, जळगावात बसून कुलूपबंद ठेवायला मात्र घेऊ नका. दमट हवेत बंद घराला बुरशी लागते आणि मेंटेनन्स चालूच राहतो.

आणि विरारचा सौदा मे महिन्यात करू नका. 2018च्या जुलैत वसई-विरार पट्ट्यात रुळांवर पाणी चढून लोकल ठप्प झाली होती. भर पावसात एकदा जा आणि स्टेशनपासून इमारतीपर्यंत पायी चालून बघा.