जुन्या फोटोंचे रंग: पेंट, फोटोशॉप की गिंप?

एकच फोटो एका प्रोग्रॅममध्ये टवटवीत आणि दुसऱ्यात मरगळलेला दिसला की फाइल खराब झाली असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. फाइलमध्ये नुसते आकडे असतात. ते आकडे म्हणजे नेमका कोणता रंग, हे सांगतं रंगाचं प्रोफाइल, आणि जुने प्रोग्रॅम ते वाचतातच असं नाही.

विंडोजचा जुना पेंट, फोटोशॉप 4 आणि 2.4 च्या आधीचं गिंप (फोटो सुधारायचा फुकट प्रोग्रॅम) या बाबतीत सारखेच: प्रोफाइलकडे न बघता आकडे सरळ पडद्यावर. एसआरजीबी हे पडद्यांचं नेहमीचं प्रोफाइल, अडोबी आरजीबी हे त्याहून गडद रंग सामावणारं. एसआरजीबीमधला शुद्ध हिरवा, म्हणजे लाल 0, हिरवा 255, निळा 0, अडोबी आरजीबी फाइलमध्ये साधारण 144, 255, 60 असा लिहिला जातो. प्रोफाइल न वाचणारा प्रोग्रॅम तेच आकडे दाखवतो आणि गर्द हिरवं पान पिवळसर, फिकट होतं. घाईने सॅच्युरेशन वाढवून ते 'सुधारू' नका. मूळ रंग कायमचे जातात.

मॅकवरच्या जुन्या स्कॅनचं दुखणं वेगळं. गॅमा म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा. 2009 मध्ये मॅकच्या प्रणालीची स्नो लेपर्ड ही आवृत्ती येईपर्यंत मॅकचा गॅमा 1.8 होता, विंडोजचा 2.2. त्यामुळे 128 हा करडा मॅकवर पूर्ण उजेडाच्या सुमारे 29 टक्के दिसायचा आणि विंडोजवर 22 टक्के. सावलीतले चेहरे काळवंडतात ते यामुळे.

फोटोशॉप 5 मध्ये, 1998 साली, वर्किंग स्पेस, म्हणजे काम करताना आकड्यांचा अर्थ लावायचं ठरलेलं प्रोफाइल, आली, पण उघडलेल्या सगळ्या आरजीबी फायलींना मिळून एकच. वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेले फोटो एकत्र हाताळायला ही आवृत्ती मी घेणार नाही. 6 पासून प्रत्येक फाइल आपापलं प्रोफाइल सांभाळते. जुनं फोटोशॉप हाताशी असेल तर 6 किंवा त्यापुढचंच वापरा. कोरलड्रॉचंही असंच आहे: रंगांची व्यवस्था मुळापासून बदलली ती एक्स5 मध्ये, 2010 साली.

गिंप 2.4 ला 2007 मध्ये प्रोफाइल कळू लागलं, पण काम 8 बिटांतच, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्यांत. 16 बिटांचा स्कॅन त्यात उघडला की बारीक छटा गळतात आणि आकाशात पट्टे उमटू शकतात. 2018 च्या 2.10 मध्ये ही अडचण गेली. फुकट हवं असेल तर मी डोळे झाकून 2.10 किंवा त्यानंतरचं सुचवेन.

काहीही निवडलंत तरी 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' यांची गल्लत करू नका. असाइन केल्याने आकडे तेच राहतात, अर्थ बदलतो. कन्व्हर्टमध्ये रंग तोच ठेवून आकडे बदलतात. प्रोफाइल नसलेल्या मॅकच्या स्कॅनला आधी ॲपल आरजीबी (1.8 गॅमाचं जुन्या मॅकचं प्रोफाइल) असाइन करून बघा. चेहरे उजळले, नैसर्गिक दिसले, तर मगच एसआरजीबीत कन्व्हर्ट करा. सेव्ह करताना प्रोफाइल फाइलमध्ये घालायचा पर्याय चालू ठेवा आणि मूळ स्कॅनला हात न लावता वेगळी प्रत करा.