कोकणात रीफ टाकी: समुद्राचं पाणी की पिशवीतलं मीठ?

दारात समुद्र असताना समुद्राचं पाणी बनवायचं खास मिश्रण-मीठ कुरियरने मागवायचं, हे गुहागर-मालवणकडच्या माणसाला पटवणं कठीण. पण 75-100 लिटरची छोटी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचपेटी, लावायची तर पहिला निर्णय हाच, आणि फिल्टर कोणता घ्यायचा हेही बरंचसं त्यावरच ठरतं.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (आम्ल रिचवायची क्षमता) सगळं मुळातच असतं, शिवाय फुकट. प्रश्न एवढाच की ते कुठलं आणि कधीचं. खाडीच्या तोंडाचं नको. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, देवबागला कर्ली गोडं पाणी आणि गाळ आणून टाकते. जेटीपाशी डिझेलचा तवंग, तेही नको. उघड्या कातळाच्या टोकावरून, भरती पुरी होत आली असताना आणि वारा पडलेला असताना भरावं. उधाणात तळ ढवळून निघतो, ते दिवस सोडा. रात्री लाटा निळ्या चमकतात आणि व्हिडिओ काढायला गर्दी जमते, तेव्हाही कॅन घरीच बरा. ती चमक बहुतेकदा नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाची असते. त्याच्या पेशीत अमोनिया साठलेला असतो आणि तो मेला की पाण्यात उतरतो.

आणलेलं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून, झाकण लावून दोनेक आठवडे अंधारात ठेवायचं. त्यातले बारीक जीव मरून तळाशी बसतात. मग कॅन न हलवता नळीने वरचं पाणी काढायचं, तळचं चार बोटं टाकून द्यायचं आणि अमोनियाची टेस्ट शून्य आली तरच टाकीत सोडायचं. एवढी जागा आणि चिकाटी घरात आहे का, ते आधी बघा.

खरी अडचण पावसाळ्याची. टाकीला खारेपणा 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) आसपास हवा. जून ते सप्टेंबर किनाऱ्यालगत तो खाली येतो आणि पाणी चहासारखं गढूळ. ओळखीच्या होडीवाल्याकडून बाहेरचं पाणी मागवावं, तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी. म्हणजे समुद्रवाल्यालाही चार महिने मिठाचा आधार घ्यावाच लागतो.

हे मिश्रण-मीठ लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम लागतं. 75 लिटरच्या टाकीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ का चालत नाही, असं हमखास विचारतात. मिठागरात पाणी आटताना कॅल्शियमचे क्षार आधीच तळाशी बसतात, मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं आणि हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. ते परत विरघळवून समुद्र तयार होत नाही.

मीठ कितीही चांगलं असलं तरी ते ज्यात विरघळवायचं ते पाणी शुद्ध हवं. विहिरीचं थेट नको. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. घरच्या आरओतही चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा स्क्रू असतो. तो बंद करा, पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं काडतूस जोडा आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य येतो का पाहा.

आता फिल्टर. ज्याला चांगलं पाणी सहज मिळतं त्याने छोटा प्रोटीन स्किमर (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसाने घाण काढणारं यंत्र) घेऊच नये, असं माझं मत. छोटे स्किमर लहरी असतात, आवाज करतात आणि खारे तुषार उडवून झाकणाचे स्क्रू गंजवतात. आठ-दहा किलो सच्छिद्र दगड, मागे अडकवायचा साधा फिल्टर, त्यातला कापूस दर तीन दिवसांनी बदलायचा आणि आठवड्याला वीस टक्के पाणी. एवढ्यात मऊ प्रवाळ आणि दोन क्लाउनफिश छान राहतात. कापूस बदलायला विसरणाऱ्याचा नायट्रेट, म्हणजे घाण कुजून उरणारा क्षार, मात्र चढत जातो. विकतच्या मिठावर चालणाऱ्याला प्रत्येक बदल खिशाला लागतो, तिथे स्किमर परवडतो: घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर पडते आणि पाणी थोडं कमी बदललं तरी निभावतं. नायट्रेट दहा पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) खाली ठेवायचा, बाकी वेळापत्रक टेस्ट किट ठरवेल.

मे महिन्यातली वाफ दोघांनाही सारखीच. पंखा लावला की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ती भर आरओच्या गोड्या पाण्यानेच घालायची, समुद्राच्या नाही.

चिपळूण किंवा रत्नागिरी शहरात फ्लॅटमध्ये असाल तर सरळ मीठ घ्या. गाव उघड्या किनाऱ्यावर असेल तर दिवाळीपासून मेपर्यंत समुद्र आणि पावसाळ्यात मीठ. खारेपणा आणि तापमान जुळवून घेतलं की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. दगड मात्र दोघांनीही सुकेच, दुकानातून घ्यावेत. मालवणच्या कातळावरून पोवळ्याचा तुकडा उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दगडी प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.